पिलारबाईंच्या आश्चर्याचं इंग्रजी

आज दुपारी ऑफिसच्या खिडकीबाहेरचं आकाश चहाच्या रंगाचं झालं. आधी दूध जास्त पडलेल्या चहाच्या, मग बेताच्या, आणि बघता बघता पाहुण्यांपुढे ठेवता येणार नाही अशा काळपट चहाच्या. सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले. शेजारच्या टेबलांवरचे दोघे केरळी सहकारी खिडकीकडे न बघताच ‘डस्ट’ म्हणाले आणि आपापल्या एक्सेलमध्ये परत बुडाले. मी मात्र खुर्ची फिरवली, पाय लांब केले आणि नाटकाची तिसरी घंटा झाल्यासारखा बसून राहिलो.

कुवेतला वसंत ऋतू असा नाही. थंडी संपलेली असते, उन्हाळा अजून सामान उघडत असतो, त्या मधल्या काही आठवड्यांत इथल्या आकाशाचं डोकं फिरतं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी क्षितिजावर धुळीची भिंत, मग गडगडाट, मग गाड्यांवर चिखलाचे चार शिंतोडे, आणि संध्याकाळी मी नाही त्यातला अशा चेहऱ्याने चांदणं. ह्या दिवसांना इथले लोक सरायत म्हणतात. मला हा हंगाम फार आवडतो. बाकीचं वर्षभर इथलं आकाश सरकारी नोकरासारखं असतं. ह्या दिवसांत ते नाटकात काम करतं.

घरी पोचलो तर मीनल, म्हणजे आमची सौभाग्यवती, बाल्कनीच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आले हो पिलारबाईंचे दिवस." आमच्या घरात सरायतीचं हेच नाव पडलंय. कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका सरायतीत, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं, माझं स्पॅनिश कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं.

आता माझं स्पॅनिश म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्या तरुणपणी पुण्यात संध्याकाळी परकी भाषा शिकायची साथ होती. सगळे जर्मन शिकत. मी उशिरा पोचलो, जर्मनचा वर्ग भरला होता, आणि शेजारच्या खोलीत पंखा होता. त्या पंख्याखाली तीन वर्षं मी स्पॅनिश शिकलो. आमच्या बाईंनी स्पेन पाहिलेलं नव्हतं आणि पुस्तक इतकं जुनं होतं की त्यातली माणसं स्टेशनवर हमालाला हाक मारत. त्या पुस्तकानुसार स्पॅनिश माणसाला आश्चर्य वाटलं की तो ‘कारांबा’ म्हणतो. मी तो शब्द प्राणपणाने जपला. पुढे कुवेतला एका कंपनीत इंटर्नल ऑडिटर झालो. ऑडिटरला कशाचंच आश्चर्य वाटून चालत नाही, त्यामुळे शब्द तसाच कोरा राहिला.

विनू हा माझा इथला सगळ्यात जुना मित्र. बँकेत क्रेडिट विभागात आहे, म्हणजे लोकांना कर्ज का देऊ नये ह्याची कारणं शोधणं हे त्याचं काम. तो, सुलभावहिनी आणि त्यांची मुलगी केतकी जाब्रियाला राहतात. केतकी इथेच वाढली, इथल्याच एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट झाली, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देण्याची इथल्या मुलांची रीत तिने मनापासून पाळली. त्याच क्लिनिकात आंद्रेस नावाचा एक उंच, हसरा स्पॅनिश मुलगा होता. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. विनूला मात्र दीड वर्षाने कळलं.

विनूने आकांडतांडव केलं नाही. त्याने अट घातली. "मुलगा चांगला आहे," तो मला म्हणाला, "माझी हरकत नाही. पण त्याची आई मनापासून हो म्हणाली पाहिजे. माझ्या धाकट्या बहिणीला सासूच्या मनाविरुद्ध दिली होती. पंधरा वर्षं मी तिचा चेहरा बघितलाय. केतकीचा नाही बघणार. बाई मनातून नाराज असेल तर हे लग्न नाही."

आंद्रेसची आई म्हणजे पिलारबाई. स्पेनमधल्या एका लहान गावात त्यांचं बटणांचं आणि दोऱ्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर दुकान विकून निवृत्त झालेल्या. दोन आठवड्यांसाठी त्या मुलाकडे कुवेतला आल्या, त्या ऐन सरायतीत. बाईंना स्पॅनिशखेरीज एकही भाषा येत नव्हती आणि त्याचं त्यांना जराही दुःख नव्हतं.

"भाषांतर आंद्रेस करेल की," मी म्हणालो.

"मुलाने आईच्या बोलण्याचं भाषांतर करायचं?" विनू म्हणाला. "म्हणजे आरोपीनेच पंचनामा लिहायचा. विमानतळावर बाई पाच मिनिटं बोलल्या आणि हा म्हणाला, ‘शी इज हॅपी.’ पाच मिनिटांचं इतकंच होतं का? श्र्या, तू ऑडिटर आहेस. तू ये."

"पण मी मराठीत सांगणार का?"

"इंग्रजीत. म्हणजे त्या पोरालाही कळेल आणि तू पदरचं काही घातलंस तर तो तुला तिथल्या तिथे पकडेल."

अशी माझी नेमणूक झाली. मीनल म्हणाली, "मसाला घालू नका." मी शपथ घेतली. खरं तर मी मनातून इतका खूश होतो की त्या रात्री आरशासमोर दोनदा ‘कारांबा’ म्हणून पाहिलं.

पहिल्याच जेवणाला तो शब्द मी टाकला. विनूच्या दिवाणखान्यात गेल्या गेल्या, बाईंना बघून, हात पसरून. पिलारबाई ठेंगण्या, गोल, काळा पोशाख, हातात लाकडी पात्यांचा पंखा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंखा तोंडापुढे धरला आणि इतक्या हसल्या की आंद्रेसने पाणी आणलं. त्याने मला नंतर हळूच सांगितलं की हा शब्द त्याने आजवर फक्त परदेशी माणसांच्या तोंडून ऐकला होता. तीन वर्षं, पंख्याखाली.

पण खरी मौज पुढेच होती. पिलारबाई वाक्यं कमी बोलायच्या. त्या आश्चर्य बोलायच्या. सोलकढीचा गुलाबी पेला पुढे आला, "आंदा." सुलभावहिनींनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली ती थांबेचना, "के बार्बारिदाद." केतकीने पाचही बोटांनी भात कालवला, "तोमा." विनू तीस वर्षं एकाच बँकेत आहे हे कळलं, "ओस्त्रास." आणि प्रत्येक शब्दाबरोबर पंखा फाड्‌कन उघडायचा नाहीतर मिटायचा. प्रत्येक शब्दानंतर टेबलाभोवतीची सगळी मंडळी घास हातात धरून माझ्याकडे बघायची.

आता करा इंग्रजी. आंदा म्हणजे शब्दशः ‘चाल’. तोमा म्हणजे ‘घे’. ओस्त्रास म्हणजे कालवं, समुद्रातली, लिंबू पिळून खायची. के बार्बारिदाद म्हणजे ‘केवढा हा रानटीपणा’. घरच्या यजमानीणबाईंना, हातात तुपाचं भांडं असताना, हे सांगायचं? आपलं तरी काय म्हणा. आपण ‘अगं बाई’ म्हणतो तेव्हा तिथे कुठलीही बाई नसते, आणि ‘बाप रे’ म्हणताना वडिलांना कुणी बोलावत नाही. आश्चर्याच्या क्षणी माणसाच्या तोंडाला जे जवळ सापडेल ते बाहेर पडतं. कुणाची आई, कुणाचा बाप, कुणाची कालवं. त्याचा अर्थ शब्दात नसतोच. तो भुवयांत असतो, पंख्यात असतो, शब्द ज्या चालीवर येतो त्या चालीत असतो. आणि भुवयांचं इंग्रजी कसं करायचं?

इंग्रजीकडे गेलो तर तिथे वेगळीच अडचण. पूर्वी ह्या भाषेचं आश्चर्याचं दुकान भरलेलं होतं म्हणतात. आज जाऊन बघा, फडताळावर दोनच जिन्नस उरलेत, ‘वॉव’ आणि ‘ओ माय गॉड’. पिलारबाई वेगवेगळ्या पंधरा चालींवर चकित व्हायच्या आणि मी तेच दोन जिन्नस आलटून पालटून विकायचो. मला माझीच लाज वाटायला लागली. मग मी जुनी गोदामं उघडली. तुपाच्या धारेला मी म्हणालो, "गुड हेवन्स, व्हॉट अबंडन्स." केतकीने चमचा खाली ठेवला.

"काका, नोबडी सेज दॅट. नोबडी हॅज सेड दॅट सिन्स द वॉर."

"कुठलं युद्ध?"

"एनी वॉर, काका."

विनूला भाषेशी काही देणंघेणं नव्हतं. तो माझ्या कानाशी यायचा. "श्र्या, ते ऑइस्टरचं काय ते कळलं. पण एकंदरीत अनुकूल की प्रतिकूल?"

"आश्चर्य आहे रे. ते अनुकूलही नसतं, प्रतिकूलही नसतं."

"असं कसं? आमच्याकडे फाइलवर शेरा असतो. अनुकूल, प्रतिकूल किंवा सावध."

"मग सावध लिही."

‘आला’ नावाचाही एक शब्द होता त्यांचा, ‘अबब’च्या जवळपासचा. तो ऐकला की सुलभावहिनी दाराकडे बघायच्या. लिफ्टमध्ये एकदा पिलारबाईंनी स्वतःला आरशात पाहून तो उच्चारला, तर सोबतचे कुवेती आजोबा छातीला हात लावून ‘हला, हला’ म्हणत त्यांचं स्वागत करू लागले. दोघं सहा मजले अतिशय प्रेमाने बोलत खाली आले. मला वाटतं त्या दोन आठवड्यांतलं सगळ्यात यशस्वी संभाषण तेच.

विनूबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विनूला आश्चर्य वाटत नाही. म्हणजे वाटत असेल, पण ते बाहेर येण्याची सोय त्याच्यात बसवलेली नाही. केतकी शाळेत पहिली आली तेव्हा तो "बरं झालं" म्हणाला होता. आम्ही दोन कुटुंबं मिळून पॅरिसला गेलो, आयफेल टॉवरखाली उभे राहिलो, तेव्हा वर बघून तो म्हणाला, "लोखंड पुष्कळ वापरलंय." त्याची सगळ्यात वरची श्रेणी म्हणजे ‘वाईट नाही’. ही श्रेणी मी त्याच्या तोंडून दोनदा ऐकली आहे. एकदा सुलभावहिनींच्या फणसाच्या भाजीला, आणि एकदा त्याला पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हा, भिंतीकडे बघून. सुलभावहिनीही त्याच गावच्या. पाहुणा हातात काही देऊ लागला की त्या "कशाला उगाच" म्हणतात आणि नजर दुसरीकडे वळवतात. मी ह्याच समाजात वाढलो. मला त्यात काही विशेष दिसत नव्हतं. मासोळीला पाणी दिसत नसावं तसं.

आठवडा गेला, दुसरा लागला. चार जेवणं झाली. पिलारबाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आणि एक गोष्ट माझ्याआधी मीनलच्या ध्यानात आली. घरी परतताना गाडीत ती म्हणाली, "बाईंचा पंखा आज उघडलाच नाही."

खरंच होतं. आळूच्या भाजीला त्या नुसतं ‘वाया’, म्हणजे ‘असं होय’, म्हणाल्या होत्या, तेही ताटाकडे न बघता, माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत. मी त्याचं इंग्रजी ‘हाउ इंटरेस्टिंग’ केलं होतं. विनूने मला दाराशी गाठलं होतं. "इंटरेस्टिंग म्हणजे प्रतिकूल," तो म्हणाला. "बँकेत आम्ही कर्ज नाकारताना हाच शब्द वापरतो." त्याच्या मागे केतकी उभी होती. ती काही बोलली नाही, इंग्रजीतसुद्धा नाही.

बाईंचं विमान परवावर आलं होतं. आंद्रेसला दिवसभर ड्यूटी होती, म्हणून दुपारी मी त्यांना समुद्र दाखवायला घेऊन गेलो. दस्मानच्या बाजूला, किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी लावली आणि आम्ही चालू लागलो. समुद्र निळा होता, माणसं कमी होती. आणि मग शहराच्या मागून ती उठली. मी ह्या देशात इतकी वर्षं आहे, तरी अशी भिंत मी मोजक्या वेळा पाहिली असेल. जमिनीपासून आभाळापर्यंत, तांबूस, आतून हळूहळू उकळणारी. उंच इमारती तिच्यापुढे आगपेट्यांसारख्या दिसत होत्या. एकेक इमारत ती गिळत येत होती, घाई न करता.

मी पिलारबाईंकडे पाहिलं. कान टवकारले. माद्रे मीआ, म्हणजे त्यांचं ‘आई गं’, येणार, आणि कुठल्या चालीवर येणार, ह्याची मला अगदी गवयासारखी उत्सुकता होती. सोलकढीला जी बाई चकित होते, ती ह्या दृश्याला काय म्हणेल?

बाई काहीच म्हणाल्या नाहीत. भिंतीकडे एकदा पाहिलं आणि मिटलेला पंखा पिशवीत टाकला. तेव्हा मात्र मी घाबरलो.

पळत गाडीत येऊन काचा लावतो तोच त्या भिंतीने आम्हाला गाठलं. बाहेरचं सगळं नाहीसं झालं. गाडीत नारिंगी उजेड पसरला, वायपर धूळ इकडून तिकडे लोटत राहिले आणि टपावर कुणी मूठमूठभर रवा फेकावा तसा आवाज येऊ लागला. त्या आवाजात पिलारबाई पुढे बघत शांतपणे म्हणाल्या, "माझा मुलगा त्यांना नको असेल, तर ते मला सरळ का सांगत नाहीत?"

"नको आहे? कोण म्हणालं?"

"पुडकं."

"कुठलं पुडकं?"

मग त्यांनी सांगितलं. आल्या त्या पहिल्या दिवशी, विमानतळावरून आधी विनूच्या घरी चहाला नेलं होतं. तिथे त्यांनी सुलभावहिनींच्या हातात एक पुडकं ठेवलं. दोन्ही हातांनी. वहिनींनी मान झुकवली, काहीतरी म्हणाल्या आणि पुडकं समोरच्या कपाटावर ठेवून दिलं. "ते अजून तिथेच आहे," पिलारबाई म्हणाल्या. "मला नेहमी तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसवतात. जेवायला बसले की तुमच्या डोक्यावर मला ते दिसतं. रिबिनीची गाठसुद्धा मी मारलेली, तशीच. चार वेळा जेवले त्या घरात. आमच्याकडे भेट उघडायची नाही म्हणजे ती परत करायची."

म्हणजे पहिल्या दिवसापासून ताटाकडे बघून जे शब्द निघत होते ते ताटाचे असतील, पण माझ्या डोक्यावरून बघत जे निघत होते, ते सगळे पुडक्याचे होते. मी ते आळूच्या आणि कढीच्या नावावर जमा केले होते. बाईंना किती आश्चर्य वाटलं, ते मी मोजत होतो, त्याला जुन्या बाजारातले इंग्रजी शब्द शोधत होतो. कशाचं वाटलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि आंद्रेसच्या काही लक्षात आलं नाही, कारण त्या घरात आंद्रेसची नजर कपाटावर कशाला जाईल?

मी त्यांना समजावू लागलो. माझं स्पॅनिश ह्या कामासाठी बेतलेलं नव्हतं, पण धूळ भरपूर होती आणि वेळही. "आमच्यात देणाऱ्यासमोर भेट उघडत नाहीत. हावरट दिसतं. तुम्ही स्पेनला परत गेलात की मग उघडतील."

"मी गेल्यावर?" त्या पूर्ण वळून माझ्याकडे बघू लागल्या. "मग आवडली की नाही, हे देणाऱ्याला कळतं कसं?"

"कळत नाही."

"कधीच नाही?"

"कधीतरी वर्षभराने त्यांच्याकडे जेवायला गेलं तर आपण दिलेलं पातेलं टेबलावर दिसतं."

"आणि नाही दिसलं तर?"

मी ऑडिटर आहे, खोटं बोलवत नाही. "मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरी दिसतं. त्याच कागदात."

पिलारबाईंनी पिशवीतून पंखा काढला. फाड्‌कन उघडला. "के बार्बारिदाद," त्या म्हणाल्या, आणि ह्या खेपेला मला त्याचं कुठल्याही भाषेत काही करायची गरज पडली नाही. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आणि ते? ते कशाची वाट बघताहेत?"

"तुमच्या होकाराची."

"अहो, तोच तर कपाटावर ठेवलाय."

आत काय आहे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते उघडणाऱ्याने बघायचं, म्हणाल्या.

धूळ बसायच्या आत मी विनूला फोन लावला. "कपाटावरचं पुडकं उघडलंत का रे?"

"छे. त्या इथे असताना कसं उघडणार? बरं दिसतं का ते?"

"विनू, आज त्या जेवायला येतील तेव्हा त्यांच्यासमोर उघडायचं. आणि बघून तोंडाने काहीतरी म्हणायचं."

"काय म्हणायचं?" त्याने विचारलं. त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. आजवर ह्याने कोट्यवधींची कर्जं एका शब्दात नाकारली आहेत.

आणि मग त्या संध्याकाळी, पाहुणे यायच्या आधी, जाब्रियाच्या त्या दिवाणखान्यात आश्चर्याची तालीम झाली. दिग्दर्शन माझं, मदतीला मीनल. उशीला वर्तमानपत्र गुंडाळून त्याचं पुडकं केलं. सुलभावहिनी पहिल्याच फेरीत ‘अय्या’ अशा काही म्हणाल्या की केतकी स्वयंपाकघरातून पळत आली. तिला वाटलं झुरळ. विनूला मी भुवया वर करायला सांगितलं. त्याने केल्या. तो बँकेवर दरोडा पडल्यासारखा दिसू लागला.

"किती वेळ अशा ठेवायच्या?" तसाच उभा राहून त्याने विचारलं.

"वस्तू दिसेपर्यंत. मग हसायचं."

"आणि वस्तू सुमार निघाली तर?"

"तरी हसायचं."

"हे खोटं नाही का, श्र्या?"

"बँकेत गिऱ्हाईक आलं की हसत नाहीस?"

"मी क्रेडिटमध्ये आहे. आम्ही हसत नाही."

"बाबा, जस्ट से वॉव," केतकी म्हणाली. ती हसत होती, पण हातातली वाटी दोनदा पुसून झाली होती. तिच्याकडे बघून विनूने भुवया परत वर केल्या. "वॉव," तो म्हणाला. भीषण होतं ते.

"नको," मी म्हणालो. "तू नुसता उभा राहा, यजमानासारखा पाहुणचार कर. बोलायचं काम वहिनी करतील."

पिलारबाई आल्या. सगळे बसले. सुलभावहिनींनी स्टूल घेऊन पुडकं खाली काढलं, आणि माझ्यासारख्या रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या छातीत त्या वेळी जे धडधडतं ते धडधडू लागलं. वहिनींनी कागद फाडला नाही. त्यांच्याने ते होणारच नव्हतं. त्यांनी चिकटपट्टी नखाने सोडवली, कागदाची घडी केली, रिबीन गुंडाळली. पिलारबाई खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. पंखा मिटलेला, दोन्ही हातांत घट्ट.

आतून पातळ कागदाच्या घड्यांमधून एक झबलं निघालं. पांढरं होतं कधीतरी, आता सायीच्या रंगाचं. गळ्याशी बारीक विणकाम, खाली घेर इतका लांब की त्यात बाळ उभं राहिलं तरी हातभर खाली लोळेल. पिलारबाई बोलू लागल्या आणि मी त्यांच्या मागोमाग इंग्रजीत. हे त्यांच्या आजीने शिवलं. त्यांच्या घरातल्या प्रत्येक बाळाला नाव ठेवायच्या दिवशी हेच घालतात. त्यांच्या आईने घातलं, त्यांनी, त्यांच्या भावांनी. आंद्रेसनेही. "आता हे ह्या घरचं," मी शेवटचं वाक्य म्हणालो.

ठरलेलं सगळं पार विस्कटलं. सुलभावहिनी ‘अय्या’ म्हणायचंच विसरल्या. त्यांनी पदराने हात पुसले, मग झबल्याला लावले, मग परत पुसले. "अहो, पण," त्या मला पुटपुटल्या, "भावजी, अजून लग्न व्हायचंय." केतकी कानापर्यंत लाल झाली. "वी आर नॉट इव्हन एंगेज्ड," ती छताला म्हणाली. आंद्रेस आपलं बाळपण दोन हातांवर पसरलेलं बघत होता. कुणाच्याही भुवया वर नव्हत्या. आम्ही बाईंच्या होकारासाठी दोन आठवडे ताटकळलो, आणि बाई पहिल्याच दिवशी लग्न ओलांडून बारशापाशी जाऊन बसल्या होत्या.

पिलारबाई विनूकडे बघत होत्या. सगळेच आता त्याच्याकडे बघत होते. विनूने खिशातून चष्मा काढला. झबलं उजेडाकडे धरलं. शिवण तपासली, आतून, बाहेरून, एखाद्या मोठ्या कर्जाची कागदपत्रं तपासावीत तशी. घेर उलटून बघितला. एका जागी कुणीतरी केलेलं बारीक रफू होतं, त्यावर अंगठा फिरवला. मी मनात तयारी करत होतो. हा आता ‘वाईट नाही’ म्हणाला, तर त्याचं इंग्रजी काय करायचं? बाईंना ते कसं पोचेल?

"श्र्या," विनू म्हणाला, "हे धुवायचं कसं, विचार त्यांना."

"आत्ता?"

"आत्ताच. त्या गेल्यावर कोण सांगणार? इतकं जुनं कापड, आमच्या हातून पहिल्याच धुण्यात वाट लागली तर? बाळ ओकणार, दूध सांडणार. रोजचं काम आहे ते."

मी विचारलं. जसंच्या तसं, बाळाच्या ओकण्यासकट. आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये, पदरचं काही न घालता.

पिलारबाईंनी पंखा टेबलावर ठेवला, उठल्या, आणि खांद्याला धरून सुलभावहिनींना न्हाणीघराकडे घेऊन गेल्या. वहिनींनी जाताना एक हातरुमाल उचलला, प्रात्यक्षिकासाठी. आम्हाला नळाचा आवाज आला. मग पिलारबाईंचं "फ्रिया, फ्रिया", आणि वहिनींचं "हो, थंडच, रिठ्याने चालेल ना?" रिठ्याला काय म्हणतात ते सांगायला मी उठलो, पण कुणी मला बोलावलं नाही आणि आतलं बोलणंही थांबलं नाही.

विनू मान तिरकी करून ऐकत होता. "थंड पाणी म्हणतात का त्या?"

"हो."

"ह्या दिवसांत? गच्चीवरच्या टाकीतलं थंड कुठून येणार? चटके बसतात त्याला." तो स्वयंपाकघरात गेला. फ्रीज उघडल्याचा, काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग तो बाहेर आला, दोन्ही हातांत बर्फाचे ट्रे, आणि आमच्याकडे न बघता, गालिच्यावर पाण्याची रेघ ओढत न्हाणीघराकडे निघाला.

आंद्रेस माझ्याजवळ सरकला. "व्हॉट डिड ही से?" त्याने हळूच विचारलं.

"ही सेज येस," मी म्हणालो.